गोदामातलं घुबड आणि मोठीआईच्या खारोड्या

आता या वयात मला कुठं भाषणाला बोलावलं की पोरं हमखास विचारतात, मॅडम, तुम्हाला या वन्यजीवांची आवड कशी लागली? विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल असतं, झाडावर मचाण असतं आणि मचाणावर फ्रॉक घालून मी बसलेली असते. आमच्या परभणीकडं कसलं आलंय जंगल! काळी रानं, ज्वारी, तूर, कापूस, बांधावर चार बाभळी आणि उन्हाळ्यात नुसती धूळ. मी वालूरची. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, धान्याचं दुकान पेठेत होतं आणि गोदाम आमच्या घराच्या मागच्या बाजूला, मधे फक्त परस. मी जे काही शिकले त्याची सुरुवात त्या गोदामात झाली आणि उरलेलं स्वयंपाकघरात. हे सांगितलं की पोरांचा चेहरा पडतो, म्हणून अलीकडं मी भाषणात काहीतरी दुसरंच सांगून मोकळी होते. इथं मात्र खरं ते लिहिते.

एका साली हिवाळा सरता सरता गोदामातून आवाज यायला लागला. दिवेलागणीला सुरू व्हायचा. फुस्स करून लांबलचक, ओढून धरलेला, एक थांबला की दुसरा. जेवायला बसलो की परसातून तो ऐकू यायचा आणि आईचा हात भाकरीवर तसाच थांबायचा. सटवाजी म्हणून आमचा जुना हमाल होता. त्यानं दाराला कान लावून निकाल दिला की नाग हाय, आणि साधासुधा न्हाई, अंगावर केस आलेला म्हातारा नाग. झालं! त्या दिवसापासून माळ्याखालच्या पोत्यांच्या थप्पीला कुणी हमाल हात लावेना. मोठीआई, माझी थोरली चुलती, रोज संध्याकाळी गोदामाच्या उंबऱ्याशी दुधाची वाटी ठेवायला लागली. सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख असायची आणि सगळे हात जोडायचे. आमची मांजर त्या दिवसांत चांगली गुटगुटीत झाली होती, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

मी तेव्हा सेलूच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. एक दिवस प्राणिशास्त्राच्या सरांनी वर्गात विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरी, गोदामात, पडक्या देवळात घुबड आहे का? मी उठून म्हटलं, घुबड नाही सर, आमच्याकडं नाग आहे. वर्ग हसला. मागच्या बाकावर एक अनोळखी बाई बसल्या होत्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तो नाग रोज अंधार पडतानाच बोलतो का?" या कुंदाताई. पुण्याहून आल्या होत्या, घुबडं काय खातात यावर पीएच.डी. करत होत्या आणि लूनावर बसून आमचा सगळा तालुका पालथा घालत होत्या. एकटी बाई, लूना आणि घुबडं! यातली एकेक गोष्ट सुद्धा वालूरला पुष्कळ झाली असती.

दुसऱ्याच दिवशी त्या घरी हजर. चहा घेतला, पदर खोचला, शिडी लावली आणि टॉर्च घेऊन माळ्यावर गेल्या. खाली सटवाजी काठी घेऊन उभा, अप्पा विभूती लावून उभे, मी शिडी धरून. वरून कुंदाताईंनी मला हाक मारली. मी वर गेले आणि कोपऱ्यात पाहिलं तर कापसाच्या बोंडासारखी पांढरी पिल्लं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं उभी, सगळी मिळून डुलत होती आणि फुस्स करत होती. बदामाच्या आकाराचे चेहरे. माझ्याकडं बघून त्यातल्या सगळ्यात धाकट्यानं मान इतकी वाकडी केली की मला वाटलं पडतंय आता. गव्हाणी घुबड म्हणतात याला, कुंदाताई कुजबुजल्या. आयुष्यात पुढं मी वाघ पाहिले, माळढोक पाहिला, पण त्या धाकट्यानं जसं मला निरखून पाहिलं तसं परत कुणी पाहिलं नाही.

नाग निघाला असता तर अप्पांना एक वेळ चाललं असतं. नागाचा मान असतो. घुबड म्हणजे अपशकुन, आणि तोही व्यापाऱ्याच्या गोदामात. पेठेत कळलं तर शेतकरी माल घेऊन शेजारच्या दुकानात जातील, ही खरी धास्ती. कुंदाताईंनी समजूत घालायला म्हणून सांगितलं की घुबड हे लक्ष्मीचं वाहन आहे. अप्पा शांतपणे म्हणाले, आमच्याकडं ती कमळावर बसून येते. पण अप्पांचा एक स्वभाव होता. घरात चहा प्यायलेल्या माणसाला त्यांना तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. पिल्लं उडेपर्यंत राहू द्या, म्हणाले, पण याचा बोभाटा नको.

माझ्याकडं काम आलं ते गोळे वेचायचं. घुबड उंदीर सबंध गिळतं. मांस पचतं, हाडं आणि केस पचत नाहीत, मग त्याचा गोळा करून ते तोंडावाटे टाकून देतं. तो गोळा फोडला की घुबडानं काय खाल्लं ते आत मिळतं, कवटी, दात, पायाची हाडं, सगळं शाबूत. मला हे ऐकून इतकं नवल वाटलं की रात्रीचं जेवण गेलं नाही. जनावराला न मारता, न पकडता, त्याच्या जेवणाची खबर काढायची! दर रविवारी गोदामातले गोळे वेचायचे, कडक उन्हात खडखडीत वाळवायचे, नाहीतर त्यात कीड पडते, आणि कुंदाताई पुन्हा येतील तेव्हा त्यांना द्यायचे.

आता आमचं घर सांगायला हवं. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. घरात मांस तर सोडाच, अंड्याचं नाव काढलं तरी आई कानावर हात ठेवायची. आणि या सगळ्याची राखण करायची मोठीआई. मोठीआई म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे काका दिवसभर शेतात, घर सगळं तिच्या हातात. स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय माशी शिरायची नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं, पण चौकस इतकी की माणूस बेजार व्हावा. मी कॉलेजातून आले की हातपाय धुवायच्या आत सुरू. आज काय शिकवलं? बेडकाला कान असतेत का? मग ऐकू कसं येतंय? मला उत्तर आलं नाही की म्हणायची, मग फी कशाची देतेत भाऊजी? तिनं घुबडाला वाळीत टाकलं होतं, त्याचं नाव घेत नव्हती, पण रोज संध्याकाळी कसलं तरी निमित्त काढून परसात जायची आणि गोदामाच्या खिडकीकडं बघत उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, वारं खायलेव.

उन्हाळी कामं सुरू झाली होती. मोठीआईच्या खारोड्या नातेवाइकांत नावाजलेल्या. बाजरी भरडायची, रात्रभर भिजवायची, सकाळी लसूण, तीळ, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम असतानाच माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, जुन्या धोतरावर बोटांनी गोळे टाकायचे. शिजताना तो वास सगळ्या आळीभर जायचा. वाळल्यावर खारोडी दिसते करड्या रंगाची, ओबडधोबड, लांबट. नेमका घुबडाचा गोळाही वाळल्यावर तसाच दिसतो. मी माझे गोळे त्याच माळवदावर, पण अगदी दुसऱ्या कोपऱ्यात, वेगळ्या फडक्यावर घातले होते. आई तेवढी जाणून होती आणि तिनं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. मी कॉलेजात असताना दुपारी एकदम आभाळ आलं आणि वावटळ सुटली. उन्हाळ्यात वाळवण घातलेल्या घरातल्या बायका अशा वेळी काय करतात ते सांगायला नको. मोठीआई आणि शेजारीण धावत वर गेल्या, दिसेल त्या फडक्याची चार टोकं धरली, गाठोडी खाली आणली आणि आमच्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात सगळं एकाच पत्र्याच्या डब्यात ओतलं. संध्याकाळी मी येऊन बघते तर फडकं धुऊन वाळत घातलेलं. मी समजले, गोळे वाऱ्यानं गेले. लय वाईट वाटलं. कुंदाताईंना काय तोंड दाखवू, या विचारानं मी दोन दिवस धड जेवले नाही.

पुढच्या सोमवारी आमच्याकडं स्वामी जेवायला यायचे होते. वर्षातून एकदा जंगमाला, म्हणजे आमच्या गुरूंना, बोलावून पूजा करायची आणि पंक्तीला आधी त्यांना वाढायचं, ही आमच्या घरची रीत. पहाटेपासून पुरण शिजत होतं. येळवण्याची, म्हणजे कटाची आमटी, भात, भजी, कुरडया. स्वामी म्हातारे, शांत, ओसरीवर पाटावर बसलेले. अप्पांनी त्यांचे पाय धुतले. आत मोठीआईनं कढई ठेवली, डबा उघडला आणि ओंजळभर खारोड्या तेलात सोडल्या.

केस जळाल्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही. धूर ओसरीपर्यंत आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात होते, तो वास आला आणि कशाचा ते मला एका क्षणात कळलं. मोठीआईनं झाऱ्यावर काहीतरी धरलं होतं आणि त्याच्याकडं बघत होती. उंदराची कवटी, नखाएवढी, तळून सोनेरी झालेली. अप्पा आत आले, त्यांनी झाऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि जिथल्या तिथं भिंतीला टेकले. जंगमाच्या पानात पडायचं होतं ते. स्वामींनी ओसरीवरूनच ओळखलं असावं की आत काहीतरी विपरीत झालंय. कुणाला काही न विचारता ते म्हणाले, आज मला दूध-केळंच द्या, पोट जड हाय. दूध-केळं खाऊन, सगळ्यांना आशीर्वाद देऊन ते उठले. त्यांचा तो मोठेपणा अप्पांना आणखीच लागला.

स्वामी गेल्यावर अप्पा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खालच्या आवाजात बोलले. उद्या सकाळी सटवाजीला माळ्यावर पाठवायचं, घरटं काढून गावाबाहेर टाकायचं. आणि त्या पुण्याच्या बाईनं परत या घरात यायचं नाही, माझं हे हाडं वेचणं आजपासून बंद. परीक्षा झाली की कॉलेजही पुरे. पिल्लांना अजून धड पंख फुटले नव्हते. गावाबाहेर टाकली की कुत्री तरी खातील नाहीतर ऊन तरी. मी गोदामाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. स्वतःसाठी की त्या धाकट्यासाठी, ते तेव्हा कळत नव्हतं, आजही नक्की सांगता येणार नाही.

घरातल्या बायकांनी स्वयंपाकघर धुतलं, कढई जाळात घालून लाल केली, सगळ्यांनी पुन्हा आंघोळी केल्या. तो डबा परसात कडुलिंबाखाली ठेवला होता, खड्ड्यात टाकायला. ऊन कलल्यावर मी उठून परसात आले तर कडुलिंबाखाली मोठीआई बसलेली. तिनं डबा जुन्या पेपरवर उपडा केला होता. बाभळीचा एक लांब काटा घेऊन ती एकेक गोळा उकलत होती. अंगावर जुनं लुगडं, म्हणजे परत आंघोळ करायची तयारी ठेवूनच बसली होती. मी दिसले तशी म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? बस. हे मला सांग."

मी बसले. तिनं कवट्या एका ओळीत मांडल्या होत्या. मी सांगत गेले. पुढं दोन लांब दात, मधे मोकळी जागा आणि मागं दाढा, हा उंदीर. हा त्याहून मोठा, घूस असेल, पण पिल्लू. ही लांबट नाकाची, दातांमधे जागाच नाही, ही चिचुंदरी. मोठीआई प्रत्येक कवटी डोळ्यांपाशी नेऊन बघायची आणि पुढचा प्रश्न टाकायची. चिचुंदरीला वास मारतो, मग ह्याला चालते कशी? दात झिजत न्हाईत का? मी जेवढं येत होतं तेवढं सांगत होते आणि रडू कधी थांबलं ते मला समजलंच नाही. मग तिनं एका गोळ्यातून एक अगदी बारकी कवटी काढली, ज्वारीच्या फुललेल्या लाहीएवढी. तिला पुढं उंदराचे दात नव्हते. दोन्ही बाजूंना सुळे होते, वाघाला असतात तसे. मी ती हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली. माझ्या पुस्तकात तसलं काही नव्हतं.

तेवढ्यात अप्पा आले. सोवळ्या-ओवळ्याच्या नावानं सगळं घर धाकात ठेवणारी आपली वहिनी हाडांचा बाजार मांडून बसलेली बघून त्यांना काही सुधरेना. ते म्हणाले, वैनी, तुमी सुदिक? मोठीआईनं वर न बघता सांगितलं की ही सगळी आपल्याच ज्वारीवर पोसलेली दिसतेत. अप्पांना त्याचं काही नवल नव्हतं. घुबड उंदीर खातं हे कोणत्याही व्यापाऱ्याला कळतं, उंदरासाठी आमी मांजर पाळलीय, ते म्हणाले, घुबड कशाला? यावर मोठीआईनं ती बारकी कवटी त्यांच्यापुढं धरली.

"हे काय हाय, भाऊजी?"

अप्पांनी हात मागं घेतला आणि माझ्याकडं बोट केलं, कॉलेजात जाती ना, तिला इचारा. दोघंही माझ्याकडं बघायला लागले. काहीतरी ठोकून द्यावं, असं क्षणभर मनात आलं. अप्पांना तरी कुठं कळणार होतं!

"मला माहीत न्हाई, अप्पा," मी म्हटलं.

"एवढं शिकून माहीत न्हाई?"

"न्हाई. कुंदाताईंना असेल. नसलं तर त्या शोधून काढतील."

अप्पांना वाटलं विषय संपला. ते वळले. मोठीआईनं कवटी कापसात गुंडाळली, रिकाम्या काडीपेटीत ठेवली आणि पदराला हात पुसत उठली. म्हणाली, "मग त्या बाईला येऊ द्या. एवढुशा तोंडाला वाघाचे सुळे हायत, हे कोण हाय ते कळल्याबिगर माळ्यावरचं घरटं निघायचं न्हाई. स्वयंपाकघर माझं बाटलंय, भाऊजी. कशानं बाटलं ते तरी मला कळू द्या."

नुकसान तिचं झालं होतं, अपमान तिच्या हातच्या पानाचा झाला होता, म्हणजे हक्कही तिचाच. दुसऱ्या दिवशी सटवाजी शिडी घेऊन आला तो चहा पिऊन परत गेला.

कुंदाताई आल्या तेव्हा त्यांना मी दारातच सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग घाबरल्या. मोठीआईनं काडीपेटी पुढं केली. कुंदाताईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, हे वटवाघूळ आहे, किडे खाणारं छोटं वटवाघूळ. अप्पांनी सुस्कारा सोडला, कळलं एकदाचं. पण मोठीआईचं समाधान इतक्यात कसलं व्हायला! म्हंजे वटवाघळात बी जाती हायत? मग ही कोणती? कुंदाताई म्हणाल्या, ते मला इथं सांगता येणार नाही, पुण्याला जाणकारांना दाखवावं लागेल. मग दाखवा, मोठीआई म्हणाली आणि आत गेली. अप्पा कपाळाला हात लावून बसले. पुण्याचं उत्तर यायला इतके दिवस लागले की मधे पिल्लांना पंख फुटले, ती माळ्यावरून कडुलिंबावर आणि कडुलिंबावरून कुठं कुठं निघून गेली. धाकटं सगळ्यात शेवटी गेलं. पेठेत येणारा एकही शेतकरी शेजारच्या दुकानात गेला नाही, कारण घुबडाची गोष्ट कुणाला कळलीच नव्हती. केसाळ नाग होता तो निघून गेला, असंच सटवाजी शेवटपर्यंत सांगत राहिला.

आजकाल माझे विद्यार्थी रात्री दिसणारे कॅमेरे लावतात, कवटीचा फोटो काढून पाठवला की क्षणात उत्तर मिळतं. मला त्यांचा हेवा वाटतो आणि थोडी कीवही येते. उत्तराची वाट बघण्यात जी गंमत होती ती त्यांना कशी समजावणार? त्या दिवसांत मोठीआई मला विचारायची, आलं का काही पुण्याहून? आणि मग आम्ही दोघी आपसात अंदाज करायचो. एकदा दिवस बुडायच्या सुमाराला ती मला घेऊन गावातल्या बारवेवर गेली. आम्ही पायऱ्यांवर बसलो. दगडांच्या फटींतून वटवाघळं निघायला लागली, एकामागं एक, डोक्यावरून गेली की पंखांचं वारं लागायचं. लग्न होऊन आल्यापासून मी हितं येते, ती म्हणाली, पाणी न्यायची, घरी जायची, वर कधी बघितलंच न्हाई. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. आता त्या वयाला पोचल्यावर वाटत नाही.

पावसाळा संपल्यावर कुंदाताई परत आल्या. कॉलेज बंद करायचं अप्पांनी पुन्हा काढलं नव्हतं आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते. वटवाघळाची जात कळली होती, ती त्यांनी मोठीआईला नीट समजावून सांगितली. मग चहा घेता घेता त्यांनी माझ्याकडं बोट करून अप्पांना विचारलं, लीलाला पुढं एम.एस्सी.ला पुण्याला पाठवाल का, माझ्या कामात मदतही होईल. अप्पा चहा घेतलेल्या माणसाला नाही म्हणू शकत नव्हते, पण या वेळी त्यांनी पळवाट काढली. तरणी पोरगी, परका गाव, वसतिगृहात कोण काय रांधतं कुणास ठाऊक. म्हणाले, आमच्या घरात खाण्यापिण्याचं वैनी बघतेत, त्यांना इचारा. त्यांना खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती. ज्या बाईच्या स्वयंपाकघरात माझ्यामुळं तो प्रसंग झाला, ती मला परक्याच्या हातचं खायला पाठवणार?

मोठीआई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग अप्पांकडं.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली. "हितंच ऱ्हायली तर मला जेवढं ठावं हाय तेवढंच तिला ठावं ऱ्हाईल. मग मी इचारू कुणाला?"

अप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी कुंदाताईंना विचारलं की परभणीहून पुण्याची गाडी किती वाजता सुटते.